वेठ: टिटवाळा, झरी, तलवाडा (१९४५)

#धागा #इतिहास

१/
मी टिटवाळ्यात राहते. कसारा मार्गावरची लोकल अडली, फलाटावर गर्दी साचली आणि संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास येते: हजारो प्रवासी वेठीस. एसटीचा संप असो, सफाई कामगारांचा असो वा परिचारिकांचा, मथळा तोच. काम थांबवणारा माणूस इतरांना 'वेठीस धरतो', असे आपण सहज म्हणून जातो. आजचा धागा या एका शब्दाविषयी आहे आणि ज्यांच्या आयुष्यावर हा शब्द अक्षरशः वळासारखा उमटला होता, त्या माणसांविषयी.

२/
'वेठ' हा फार जुना शब्द आहे. त्याचे मूळ संस्कृत 'विष्टि'. अर्थ, सक्तीने व विनामोबदला करून घेतलेले काम. इ.स. १५०च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामनाचा जुनागढ शिलालेख आपण अभ्यासतो. त्यात राजा अभिमानाने सांगतो की, सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्याने प्रजेला कर, विष्टि वगैरेंचा जाच न देता बांधून घेतला. एखाद्या राजाला हे कोरून ठेवावेसे वाटले, याचाच अर्थ असा की एरवी अशी कामे वेठीनेच होत असत.

३/
म्हणजे वेठ ही मुळात बळ असलेल्याने बळ नसलेल्याकडून घ्यायची गोष्ट. आज मात्र आपण हा शब्द काम नाकारणाऱ्यासाठी वापरतो. अर्थ उलटा कसा झाला, याचा विचार करत असताना मला माझ्याच गावातली एक घटना सापडली. टिटवाळा म्हटले की महागणपती आठवतो, काळू नदी आठवते. जानेवारी १९४५ आठवत नाही. तिथून सुरुवात करू. पण त्याआधी थोडे उत्तरेकडे, डहाणू आणि उंबरगावच्या जंगलपट्टीत जावे लागेल.

४/
हे दोन्ही तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. (१९६० साली उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला.) वस्ती मुख्यतः वारली आदिवासींची. वारली म्हटले की आपल्याला कुर्त्यावरची आणि चहाच्या कपावरची पांढरी चित्रे आठवतात. त्या चित्रांतला गोल धरून नाचणारा माणूस ८० वर्षांपूर्वी कसा जगत होता, हे त्या कपावर लिहिलेले नसते.

५/
ब्रिटिश महसूलव्यवस्थेत जमीन कागदावर आली आणि विकता, गहाण ठेवता येऊ लागली. रोख साऱ्याची मागणी आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर कर्जाचे आकडे वाढत गेले आणि एकाच पिढीत नव्हे, पण दोन-तीन पिढ्यांत जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली. जो मालक होता तो त्याच शेतावर कूळ झाला. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की 'खावटी' उचलायची आणि सुगीत ती दिढीने किंवा दुपटीने फेडायची. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

६/
कूळ म्हणजे केवळ खंड देणारा शेतकरी नव्हे. मालकाने बोलावले की स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर, त्याच्या घरी, त्याच्या गाडीमागे राबायचे, मोबदला नाही. हीच वेठ. आणि तिच्याही खालची पायरी 'लग्नगडी'. लग्नासाठी मालकाकडून थोडे रुपये घेतले की नवरा त्याचा गडी होई आणि नवी नवरीही त्याच्यासोबत राबे. कर्ज फिटत नसे, कारण ते फिटू नये अशीच सोय होती. ज्या दिवशी माणूस संसार मांडतो, त्याच दिवशी तो गुलाम होतो, अशी ही व्यवस्था.

७/
हे केवळ चळवळीतल्या लोकांचे म्हणणे नव्हे. मुंबई सरकारने नेमलेले आयसीएस अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा आदिवासी भागांविषयीचा अहवाल १९३९चा आहे. सरकारच्याच या अधिकाऱ्याने वेठ, मारहाण आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची नोंद केली. म्हणजे सरकारला माहीत होते. माहिती आणि न्याय यांच्यामध्ये बरेच अंतर असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अभिलेखागारात बसल्यावर पहिल्या महिन्यातच कळते.

८/
आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मित्राने विचारले, "इतके हाल होते, तर ते आधीच का उठले नाहीत?" प्रश्न प्रामाणिक होता. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: अत्याचार वाढत गेला की एका टप्प्यावर माणूस आपोआप बंड करतो, पाणी १०० अंशांवर उकळते तसा. इतिहासात असे क्वचितच घडते. मग नेमके काय घडते? यासाठी आपण थोडा वेळ फ्रान्सला जाऊ.

९/
सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ, जन्म १९०९. शिक्षिकेच्या नोकरीतून रजा घेऊन डिसेंबर १९३४मध्ये ती पॅरिसमधल्या कारखान्यात मजूर म्हणून उभी राहिली. तिचीही अपेक्षा आमच्या मित्रासारखीच होती. प्रत्यक्षात तिला दिसले ते असे की, दडपण एका मर्यादेपलीकडे गेले की माणसात बंड नव्हे, आज्ञाधारकपणा निर्माण होतो. आणि हे तिने दुसऱ्यात पाहिले नाही, स्वतःत पाहिले. साहेब ओरडला की आपल्याला राग येत नाही, आपण मुकाट मान खाली घालतो, हे जाणवून ती हादरली.

१०/
पुढे १९४०-४१मध्ये, फ्रान्स पराभूत झालेला असताना, तिने होमरच्या 'इलियड'वर एक निबंध प्रसिद्ध केला. तिचे म्हणणे थोडक्यात असे: त्या महाकाव्याचा खरा नायक कोणी वीर नाही, बळ हाच नायक आहे. बळ ज्याच्यावर चालते त्याला ते वस्तू करून टाकते. मारून टाकले तर प्रेत ही अक्षरशः वस्तूच. पण त्याहून भयंकर म्हणजे जिवंत माणसाला वस्तू करणे. आणि ज्याच्या हाती बळ आहे त्यालाही ते झिंगवते, दगड करते. बळ कोणाच्याच मालकीचे नसते. तसे असल्याचा भास तेवढा होतो.

११/
आपल्या भाषेत ही गोष्ट एकाच शब्दात बसली आहे. 'बळी' म्हणजे बलवान: बळी तो कान पिळी. आणि 'बळी' म्हणजे ज्याचा घात झाला तो: बळी दिला, बळी गेला. संस्कृतात हे दोन वेगळे शब्द आहेत, 'बलिन्' आणि 'बलि'. मराठीत येताना दोघे एकरूप झाले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा योगायोग. पण बळ वापरणारा आणि बळाखाली चिरडला जाणारा यांना एकच नाव देणाऱ्या भाषेला काहीतरी उमगले असावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

१२/
तरीही वेलचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारायला मी तयार नाही. कारण मराठीतच आणखी एक वाक्प्रचार आहे: 'वेठ मारणे' किंवा 'वेठ वारणे'. अर्थ, काम कसेतरी, मन न लावता उरकणे. शाळेत असताना निबंध घाईने लिहिला की आजी म्हणायची, "नुसती वेठ मारलीस." हा शब्द कोणी घडवला असेल? कामाच्या दर्जावर नाराज असलेल्या मालकाने. म्हणजे वेठीला जुंपलेला माणूस काम करत होता, पण मन देत नव्हता. मालकाच्या तक्रारीतच त्या मजुराच्या न मोडलेल्या मनाचा पुरावा शिल्लक राहिला.

१३/
जेम्स स्कॉट या अभ्यासकाने १९८५च्या ग्रंथात मलेशियातल्या खेड्याचा अभ्यास करून अशा गोष्टींना दुर्बलांची शस्त्रे म्हटले: हळू काम करणे, न कळल्याचे सोंग घेणे, पाठीमागे टोपणनावे ठेवणे. आमच्या मित्राच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. ते उठले नव्हते असे नाही. ते एकेकटे, लपून, हातचे राखून नकार देत होते. पण लपलेल्या नकाराने माणूस तगतो, व्यवस्था बदलत नाही. लपलेला नकार उघड कधी होतो, हा खरा प्रश्न.

१४/
आता टिटवाळा. अखिल भारतीय किसान सभा १९३६ साली लखनौला स्थापन झाली होती. महाराष्ट्राची प्रांतिक किसान परिषद जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्यास भरली. संयोजकांत प्रमुख होते शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यातल्या, जन्म १९०७. कायद्याच्या पदवीधर. भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. तिथली सुरक्षित समाजसेवा सोडून त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या होत्या.

१५/
इथे काही वाचक लगेच विचारतील: १९४२च्या 'चले जाव' आंदोलनाला विरोध केला तोच पक्ष ना? हो, तोच. काँग्रेसचे नेते तुरुंगात असताना कम्युनिस्टांना उघडपणे परिषद भरवता आली, त्यामागे युद्धाविषयीची त्यांची ती भूमिकाही होती. याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाडजवळच्या सिद्धगडावर, २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज पोलिसांच्या गोळीने पडले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एका मुद्द्यावर चुकलेला पक्ष दुसऱ्या मुद्द्यावर बरोबर असू शकतो. इतिहास गुणपत्रिका नव्हे.

१६/
टिटवाळ्याच्या परिषदेला उंबरगाव भागातून मोजके वारली प्रतिनिधी आले. अंतर १०० किलोमीटरहून अधिक. मंडपात बहुतेक भाषणे सुशिक्षित पुढाऱ्यांची आणि शेतकऱ्यांच्या कार्यकर्त्यांची. त्यात झरी गावचे माह्या धांगडा व्यासपीठावर गेले आणि आपल्या भागातल्या वेठीविषयी बोलले. आपल्याला वाटेल, त्यात काय विशेष? परिषदेत लोक बोलतातच.

१७/
विशेष असे आहे. ज्या माणसाने मालकासमोर मान वर करणेही उद्धटपणा ठरत होता, तो हजारो अनोळखी माणसांसमोर उभा राहून आपल्या हालांना नाव देतो. तोवर ते हाल 'नशीब' होते, 'रीत' होती, 'मालकाची मर्जी' होती. व्यासपीठावर आल्यावर ते 'अन्याय' झाले. गोष्ट तीच, तिचे नाव बदलले. बळाचा सर्वांत मोठा विजय फटका मारण्यात नसतो. फटका खाणाऱ्याला तो स्वाभाविक वाटू लागण्यात असतो. माझ्या मते त्या विजयाला पहिला तडा टिटवाळ्याच्या मंडपात गेला.

१८/
त्यानंतर परुळेकर दांपत्य त्या भागात गेले. गोदावरीबाई वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्या ताटात जेवल्या. आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० आदिवासी जमले. ठरले ते थोडक्यात असे: मालकाची वेठ करायची नाही. त्याच्या खासगी जमिनीवर रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय काम करायचे नाही. कोणी मारायला आला तर प्रतिकार करायचा. आणि सर्वांनी एक राहायचे.

१९/
या ठरावाचे स्वरूप नीट पाहा. जमीनदाराला मारा असे त्यात नाही. घरे जाळा, वह्या जाळा असेही नाही. 'करायचे नाही' हे त्याचे मुख्य क्रियापद आहे. त्याच वेळी, मार खाऊन घ्या, असेही तो सांगत नाही. म्हणून 'हिंसा की अहिंसा' या आपल्या आवडत्या दोन खणांपैकी कोणत्याच खणात तो पूर्ण बसत नाही. हा आधी आपले अंग काढून घेण्याचा ठराव होता. वेठ चालते ती राबणाऱ्याच्या हातांवर. तेच हात मागे घेतले गेले.

२०/
आणि मुहूर्त मे अखेरचा. पंधरवड्यात पेरण्या, मग आवण, म्हणजे भातलावणी. कोकणात लावणी लांबली की पिकाचे नुकसान होते. त्या दिवसांत मालकाला जितकी माणसांची गरज असते तितकी वर्षात कधी नसते. उपोषणाच्या सावटात जगणाऱ्या माणसाने पावसाळ्याच्या तोंडावर खावटी देणाऱ्यालाच नकार देणे, हा केवढा जुगार होता याची कल्पना करा. पण त्या काही आठवड्यांपुरती गरज दोन्ही बाजूंना होती. एरवी ती एकाच बाजूला असे.

२१/
पुढच्या काही आठवड्यांत शतकांची वाटणारी रीत ढासळली. लाल बावटा घेतलेले वारली स्वयंसेवक गावोगाव गेले, ठराव सांगितला, लग्नगड्यांना मालकाच्या घरून बाहेर आणले. इतक्या लवकर कसे? हॅना आरेंट हिने १९७०मध्ये हिंसेवरील पुस्तकात केलेला भेद इथे कामी येतो. तिच्या मते सत्ता आणि हिंसा या एक नव्हेत. सत्ता माणसांनी एकत्र येऊन वागण्यातून निर्माण होते. हिंसा साधनांवर, म्हणजे काठीवर, बंदुकीवर चालते. हिंसा सत्ता नष्ट करू शकते, निर्माण करू शकत नाही. जमीनदाराकडे काठी होती. सत्ता मात्र त्याला वारल्यांच्या विखुरलेपणाने दिली होती. विखुरलेपण संपले आणि नुसती काठी उरली.

२२/
पण काठी उरली होतीच, आणि तिच्यामागे सरकारची बंदूक होती. ऑक्टोबर १९४५. पाऊस सरला की या पट्टीत गवतकापणी सुरू होई; गवताच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जात. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये या मागणीसाठी संप झाला. गवत वेळेत कापले नाही तर उभ्या माळावर वाळून मातीमोल होते. व्यापारी-जमीनदारांना घाई होती. म्हणून एक डाव रचला गेला.

२३/
अफवा पसरवण्यात आली की गोदाराणीच्या जिवाला धोका आहे आणि सर्वांनी तलवाड्याला यावे असा तिचा निरोप आहे. (वारली गोदावरीबाईंना गोदाराणी म्हणत.) दुसरीकडे पोलिसांना कळवले गेले की आदिवासी दंगल करण्यासाठी जमत आहेत. १० ऑक्टोबरला हजारो माणसे तलवाड्याला आली. रानातल्या माणसाच्या हाती असतात तशा काठ्या-कोयते सोबत होते. पोलिसांनी गोळीबार केला. तो त्या दिवसापुरता थांबला नाही. ११ तारखेपर्यंत पुन्हा पुन्हा झाला. पाच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होते.

२४/
मला या घटनेत सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट गोळीबार नाही. गोळीबार झाल्यावरही लोक हटले नाहीत, ही आहे. गोदाराणी येणार, तिला एकटे सोडून कसे जायचे, या भावनेने ते बसून राहिले. काही महिन्यांपूर्वी मालकाच्या नुसत्या हाकेने थरथरणारी हीच माणसे. मनुष्याचा आत्मा म्हणजे काय, याची व्याख्या मला करता येणार नाही. पण तो दिसतो कसा, असे विचारले तर मी तलवाड्याची ती रात्र दाखवीन.

२५/
आणि तरीही इथे थांबून नुसते गौरवगीत गाणे मला अप्रामाणिक वाटते. त्या पाच जणांना मृत्यूपर्यंत नेले ते भीतीने नव्हे, विश्वासाने. शत्रूने त्यांच्या गुलामीचा नव्हे, त्यांच्या जागेपणाचाच फायदा घेतला. नव्याने जागा झालेला माणूस ज्या एका आवाजावर भरवसा ठेवतो, तो आवाज खोटा काढता येतो. ज्या चळवळीचा सारा विश्वास एका व्यक्तीवर असतो, तिला ही जखम होऊ शकते. आजच्या काळात, जिथे अफवा पसरायला एक रात्रही लागत नाही, हे विसरू नये.

२६/
मग गोळी जिंकली का? सरकारने सभांवर बंदी घातली, परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढले. पण गवत उभेच राहिले. गोळीने माणूस मारता येतो, त्याच्याकडून गवत कापून घेता येत नाही. अखेर मजुरी वाढवावी लागली. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामासाठी रोज सव्वा रुपयाची लढाई झाली. पुढारी हद्दपार असतानाही ती लढली गेली, म्हणजे तलवाड्याचा धडा काही प्रमाणात लोकांनी घेतला होता: आता आवाज एकाचा नव्हता.

२७/
एप्रिल १९४६मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा पाच आदिवासी मारले गेले. बंदुकीमागचे सरकार बदलले होते, बंदुकीसमोरची माणसे तीच होती. हे लिहिताना कोणत्याही पक्षावर बोट ठेवण्याचा हेतू नाही. बळ कोणाच्याच मालकीचे नसते हे वेलचे म्हणणे इथे आठवते. काल तुरुंगात असलेल्याच्या हातीही ते येते, आणि आपण त्याचे मालक आहोत असे त्यालाही वाटू लागते.

२८/
२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या २३व्या कलमाने सक्तीच्या श्रमावर बंदी घातली. विशेष म्हणजे घटनेच्या इंग्रजी मसुद्यातही 'बेगार' हा आपल्याकडचा शब्द तसाच ठेवला आहे. वेठबिगार या जोडशब्दातला तो अर्धा भाग. जुनागढच्या शिळेवर राजाने मोठेपणा म्हणून सांगितलेली गोष्ट १८०० वर्षांनी नागरिकाचा हक्क झाली. या हक्कामागे घटना समितीतल्या चर्चा आहेत, तशी झरीची सभाही आहे, असे मी मानते.

२९/
गोदावरीबाईंनी या साऱ्याची हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीर्षक फार सुंदर आहे. त्यात मी माझ्यापुरती एक पुस्ती जोडते. तो माणूस पूर्ण झोपलेला नव्हता. 'वेठ मारताना' तो डोळे किलकिले ठेवून होताच. त्याला हवे होते ते आपल्यासारखे आणखी कोणी जागे आहे याची खूण. ती खूण टिटवाळ्यात मिळाली, झरीत पक्की झाली, तलवाड्यात तिची किंमत मोजली गेली.

३०/
म्हणून आमच्या मित्राला माझे उत्तर असे: "आधी का उठले नाहीत" हा प्रश्न चिरडलेल्यांना विचारण्याआधी, "इतकी वर्षे काठी कोणी धरली होती आणि पाहणारे काय करत होते" हे विचारू. सिमिंग्टनचा अहवाल १९३९चा. झरी १९४५ची. मधली सहा वर्षे ज्यांना सर्व ठाऊक होते त्यांची आहेत.

३१/
आणि शेवटी तो मथळा. पुढच्या वेळी लोकल अडेल, मीही फलाटावर ताटकळेन, वैतागेन. परीक्षा असेल तर रडकुंडीलाही येईन. गैरसोय खरी असते. पण काम थांबवणाऱ्याने आपल्याला 'वेठीस धरले' असे लिहिण्याआधी एकदा थांबू. वेठ कोण घेत असे आणि कोण देत असे, हे ज्या गावात मोठ्याने सांगितले गेले, त्या गावच्या फलाटावर तरी हा शब्द जपून वापरायला हवा.

धागा इथे संपतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड भागातल्या वाचकांच्या घरी या काळाच्या आठवणी सांगणारे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, ऐका आणि लिहून ठेवा.